वाटाण्याच्या नाकाचा लेलो

मी एक जुना कापडी तान्हा आहे. बाहुली म्हणा, बाहुला म्हणा, मला राग नाही. माझं डोकं अंगाच्या मानाने थोरलं आहे, डावा डोळा उजव्यापेक्षा जरा वर आहे आणि नाकाच्या जागी कापडाखाली एक वाळका वाटाणा शिवलेला आहे. मित्रांनो, असल्या रूपाच्या माझ्यापुढे एका अख्ख्या गावाने गुडघे टेकले, हे सांगितलं तर तुम्ही हसाल. पण तसं खरंच घडलं, आणि तिथूनच माझ्या सुखाला दृष्ट लागली.

माझा जन्म मुकुलारीचा. व्हेनेझुएलाच्या अँडीज डोंगरात, जिथे बटाटा आणि गहू पिकतो आणि उन्हातही अंगावरची रुआना, म्हणजे डोक्यातून घालायची लोकरीची घोंगडी, काढवत नाही, तिथलं हे गाव. देल्फिना नावाच्या बाईने मला तिच्या लेकीसाठी शिवलं. पिठाची रिकामी पिशवी धुऊन धुऊन तिने मऊ केली, तरी गिरणीचं एक निळं अक्षर माझ्या पाठीवर राहिलंच. आमच्या माळावर फ्रायलेहोन नावाचं झुडूप उगवतं. त्याची पानं सशाच्या कानासारखी लवदार असतात. ती वाळवून, चुरून तिने माझ्या पोटात भरली. लेक बेतुलिया शेजारी बसून घाई करत होती. डावा डोळा भरताना तिने आईचं कोपर ओढलं आणि सुई वर सरकली.

"राहू द्या आता," देल्फिना म्हणाली. "एक डोळा तुमच्याकडे बघेल, एक डोंगराकडे."

आमच्याकडे सगळे एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात. आई लेकराला म्हणते, मालक खेचराला म्हणतो. तेव्हा मीही 'तुम्ही'च झालो. बेतुलियाने माझं नाव लेलो ठेवलं. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. "लेलो, तुम्ही आज काही खाल्लं नाहीत," असं म्हणून ती गव्हाच्या अरेपाचा, म्हणजे आमच्या जाड भाकरीचा, तुकडा माझ्या तोंडाला लावायची आणि मग स्वतःच खायची. बटाट्याच्या शेतात मी तिच्या पाठीला बांधलेला असे. ओढ्यात पडलो, चुलीपाशी वाळलो, कुत्र्याने एकदा पाय चावला, देल्फिनाने ठिगळ लावलं. झोपताना बेतुलिया अंगठ्याने माझा वाटाणा दाबायची, तो कापडाखाली गर्रकन फिरायचा, आणि मगच तिचे डोळे मिटायचे. मित्रांनो, मी तेव्हा फार मळका होतो आणि फार सुखात होतो.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. नाताळात घरोघरी गव्हाणी मांडतात. शेवाळ, गवत, मातीच्या मेंढ्या आणि मधोमध बाळ येशू. पुढे जानेवारीत दिवस ठरवून त्या बाळाला थाटात उभं करायचं असतं. जे घर उशीर करतं त्यांचं बाळ शेजारी गुपचूप चोरून नेतात. ही चोरी मानाची. मग त्या घराने गाव जमवायचं, व्हायोलिन आणि मेणबत्त्या घेऊन बाळाच्या शोधात निघायचं, आणि सापडलं की रेशमी रुमालाची चार टोकं चौघांनी धरून, त्यात बाळ घालून घरी आणायचं. वर सगळ्यांना अंड्याचा केक आणि गोड वाईन द्यायची. चोरावर रागवायचं मात्र नाही.

त्या वर्षी देल्फिनाला खोकला लागला होता, म्हणून दिवस लांबत गेला. बेतुलियाला वेगळीच काळजी. गव्हाणीतलं लाकडी बाळ उघडंच निजलेलं, आणि बाहेर गवतावर दहिवर गोठलेलं. तिने त्या बाळाला गवतात खोल दडपलं, वरून शेवाळ पसरलं आणि पांघरूण म्हणून त्याच्यावर मला ठेवलं, चांगला शालीत गुंडाळून. "लेलो, यांना जरा ऊब द्या," असं मला बजावून ती पाणी आणायला गेली.

तेवढ्यात चोर आले. चोर म्हणजे शेजारचे रेमिहियो, देल्फिनाचे कोंपाद्रे, म्हणजे घरोब्यातले. यांना हाताभरावरची कोंबडी दिसत नसे, पण चष्मा म्हातारे लावतात म्हणून ते लावत नसत. स्वतःला नातवंडं झाली होती, ती गोष्ट वेगळी. त्यांनी गव्हाणीतला गाठोड्यासारखा तान्हा उचलला, रुआनाखाली घातला आणि घरी नेऊन गव्हाच्या पेटीत निजवला. तान्हा म्हणजे मी!

मी गव्हात पडून राहिलो. तिकडे देल्फिनाच्या घरात बाळ चोरीला गेलं म्हणून हसणं-खिदळणं चाललं होतं, आणि लेलो हरवला म्हणून बेतुलिया रडत होती. तिने पलंगाखाली पाहिलं, खुराड्यात पाहिलं, ओढ्याच्या काठाने पाहिलं. गव्हाणीतच ठेवला होता, असं ती सांगत होती, पण चोर चिंध्यांचा बाहुला कशाला नेतील, म्हणून सगळ्यांनी कुत्र्यावर आळ घेतला. दोन्ही चोऱ्या एकच आहेत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग शोधाचा दिवस उजाडला. सगळा गाव रेमिहियोंच्या दारात आला. रेमिहियोंची बायको दोन्या सिन्फोरोसा, म्हणजे सिन्फोरोसाबाई, गावात प्रार्थना सांगायच्या. त्यांनी मला थंडी लागू नये म्हणून तोंडावरून शाल ओढली आणि रुमालात ठेवलं. व्हायोलिन सुरू झालं. वाटेच्या दोन्ही कडांना लोक मेणबत्त्या धरून उभे होते. मी जवळ आलो की गुडघे टेकत होते, टोप्या काढत होते. एक म्हातारा तर रडला. मला वाटत होतं, कुणीतरी यांना सांगा हो, माझ्या पोटात झाडपाला आहे.

देल्फिनाच्या घरी रुमाल उघडला, शाल बाजूला झाली, आणि माझा वाकडा डोळा सगळ्यांकडे बघू लागला. व्हायोलिनवाल्याचा हात थांबला. देल्फिनाने गवत उपसलं तर खाली लाकडी बाळ. आधी कुणीतरी हसलं, मग सगळं घर हसलं. रेमिहियोंचे कान लाल झाले.

सिन्फोरोसाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. नवऱ्याची फजिती झाली होती, आणि गुडघे तर सगळ्यांनीच टेकले होते. त्या दोन्ही बाळांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "लाकडी बाळ देल्फिनाबाईंचं, ते त्यांच्याकडे राहू द्या. पण ज्याच्यापुढे गावाने गुडघे टेकले, त्याच्याशी पुन्हा कुणी खेळायचं नाही. हे बाळ चर्चमध्ये राहील."

लोकांना ते पटलं. हसू थांबलं, कुणी छातीवर क्रूसाची खूण केली. बेतुलिया सात वर्षांची होती. ती म्हणाली, "माझा आहे." एकदाच म्हणाली, तेही हळू. तोवर व्हायोलिन पुन्हा सुरू झालं होतं. तिच्या शेजारी रेमिहियोंची धाकटी लेक रोसाल्बा मेणबत्ती धरून उभी होती. बाकी सगळे मोठे लोक माझ्याकडे बघत होते.

अशा रीतीने मी काचेच्या पेटीत गेलो. त्या हिवाळ्यात खालच्या गावांचे बटाटे करपले आणि आमचे वाचले. त्याचं श्रेय मला मिळालं. खरं सांगतो, मित्रांनो, मी काहीही केलं नव्हतं.

पुढचा नाताळ यायच्या आत देल्फिना त्याच खोकल्याने गेली. माती देऊन झाल्यावर बेतुलिया एकटी चर्चमध्ये आली. आईच्या हातचे टाके जगात आता फक्त माझ्या अंगावर उरले होते. तिने काचेवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. मग सिन्फोरोसाबाई आल्या, तिला पोटाशी धरून घरी घेऊन गेल्या, आणि परत येऊन शालीच्या टोकाने काचेवरचा डाग पुसून टाकला. बाई मनाने वाईट नव्हत्या. काच त्या रोजच पुसत.

त्यानंतरची वर्षं कौतुकाची होती आणि कौतुकाइतकी एकटी वेळ दुसरी नाही, हे मी तिथे शिकलो. मला जरीची अंगडी आली, एकावर एक. पत्र्याचा मुकुट आला. माझं तोंड देवाला शोभत नाही असं ठरलं, तेव्हा खालच्या शहरातून एक रंगारी आणला. त्याने खळीत भिजवलेलं फडकं माझ्या चेहऱ्यावर चिकटवलं आणि त्यावर गुलाबी रंग देऊन निळे डोळे काढले. दोन्ही एका रेषेत. त्या निळ्या डोळ्यांखाली माझे खरे डोळे अंधारात राहिले. पोटातला पाला बसत गेला, कसर लागली, एका उंदरीने माझ्या पाठीत संसार थाटला. खरं सांगायचं तर तिचा सहवास मला आवडायचा. तिची पिलं उबदार होती.

वर्षातून एकदा, जानेवारीत, काच उघडत. लोक रांगेने येऊन माझ्या अंगड्याच्या काठाला ओठ लावत. बेतुलिया दर वर्षी यायची. आधी वेण्या घालून, मग कडेवर पोर घेऊन, मग काठी टेकत. ती ओठ लावताना माझा वास घ्यायची आणि मागचा माणूस खाकरेपर्यंत जागची हलत नसे.

शेवटी एका जानेवारीत माझा हात गळून पडला. चर्चचं सगळं आता रोसाल्बा बघत होती. मेणबत्ती धरणारी ती मुलगी आता जाड चष्म्याची दोन्या रोसाल्बा झाली होती आणि आईपेक्षा कडक होती. तिने मला टोपलीत घातलं आणि जीपने खालच्या गावात कोरोमोतोकडे नेलं.

कोरोमोतोचा हातखंडा एकच, जुन्या कापडी तान्ह्यांना जीवदान द्यायचं आणि जुन्या घडणीचे नवे तान्हे शिवायचे. तिच्या खोलीत दोरीवर धुतलेले हातपाय वाळत असत आणि चुलीवर कॉफीचं पाणी उकळत असे. नवं कापड त्यात बुडवलं की आजीच्या पेटीतल्यासारखं दिसतं. बाई जिभेने तिखट. मला पाहून म्हणाली, "अगं बाई, देव की ममी?"

रोसाल्बाला ते आवडलं नाही. तिने बजावून सांगितलं की नाताळपर्यंत बाळ धडधाकट हवं, आणि तोंडाला हात लावायचा नाही. गावाला ते तोंड ओळखीचं आहे.

कोरोमोतोने एकेक अंगडं उतरवलं. गव्हाचा कोंडा कोमट करून माझ्या अंगावर चोळला आणि वर्षांची धूळ त्यात उतरली. पाठीची शिवण उसवली, कुजका पाला काढला, उंदरीच्या घराबद्दल नवऱ्याला हाक मारून सांगितलं. फाटल्या जागी आतून अस्तर दिलं, पण देल्फिनाचा एकही टाका तोडला नाही. तिच्या टाक्यांच्या शेजारून स्वतःचे टाके घातले. निळं अक्षर दिसल्यावर मात्र तिचा हात थांबला. देवाच्या पाठीवर गिरणीचं अक्षर कसं, हे तिला कळेना.

ते कळलं बेतुलिया आल्यावर. जीपमधून काठी, पिशवी आणि रुआना सांभाळत ती उतरली. पिशवीत होती फ्रायलेहोनची वाळलेली पानं. भरण हेच होतं, म्हणाली, कापूस घालू नका. मग तिने सगळी हकिकत सांगितली आणि एवढंच मागितलं, की एकदा तोंड बघायचंय. वरचं नाही, आईने केलेलं.

कोरोमोतोने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. रोसाल्बाचं बोलणं तिला आठवत होतं. तरी तिने वाफेचा टोप जवळ ओढला. वाफ लागली तशी खळ सैल झाली, आणि ते गुलाबी तोंड सबंधच्या सबंध, मुखवट्यासारखं, माझ्यापासून वेगळं झालं. इतक्या वर्षांनी उजेड आला. माझ्या एका डोळ्याला खिडकी दिसली आणि एकाला बेतुलिया.

 अंगठा पुढे करून तिने नाक दाबलं. वाटाणा किड्यांनी खाल्ला होता, त्याचं पीठ झालं होतं. तेव्हा मात्र ती रडली. मग डोळे पुसून तिने रुआनाच्या खिशातून एक वाळका वाटाणा काढला. स्वयंपाकघरातून निघताना सहज उचलला होता, असं म्हणाली. सहज कसला!

दुसऱ्या दिवशी रोसाल्बाला बोलावणं गेलं. कोरोमोतोने सुचवलं की ती हुबेहूब दुसरं बाळ करून देईल, गावाने ते ठेवावं आणि हे बेतुलियाबाईंना द्यावं. रोसाल्बा चष्म्यावरून बघत म्हणाली, "लोकांनी गुडघे टेकलेत ते याच्यापुढे. नवं कितीही हुबेहूब केलं तरी ते नवंच."

"तुमच्या वडिलांनी हे माझ्या शालीतून उचललं होतं," बेतुलिया म्हणाली.

"माझ्या वडिलांना दिसत नव्हतं. मला दिसतं," रोसाल्बा म्हणाली. तिथे बोलणं संपलं.

कोरोमोतोने ऐकल्यासारखं केलं. माझ्यात पानं भरली, नाकात वाटाणा घातला आणि गुलाबी मुखवटा परत तोंडावर बसवला. पण खळ लावली नाही. कच्च्या दोऱ्याने नुसता टाचला. आणि आपल्या हट्टापायी माझा जुळा भाऊही शिवला. तेच माप, तसाच थोरला माथा, कॉफीत बुडवलेलं कापड. फक्त त्याचं तोंड कोरं ठेवलं. तो तिने बेतुलियाच्या पिशवीत घातला आणि म्हणाली, "बाई, कच्चा दोरा एका ओढीत निघतो. आणि तुमच्या गावात चोरीला कुणी रागवत नाही, असं मी ऐकलंय."

नाताळ आला. मला गव्हाणीत निजवलं. जानेवारीत एका दुपारी चर्चमध्ये कुणी नसताना काठीचा आवाज आला. काठी थांबली. दोन हात माझ्याखाली गेले आणि मी वर उचलला गेलो. "लेलो," ती कानात म्हणाली, "तुम्ही वजनाने फार घटलात हो." मित्रांनो, ऐंशीच्या घरातली ती बाई मला रुआनाखाली घेऊन चढाच्या वाटेने निघाली. दोनदा धापा टाकत थांबली, पण मला दुसऱ्या हातात दिलं नाही.

बाळ चोरीला गेल्याची बातमी गावभर झाली आणि चोर कोण हे सगळ्यांना न सांगता कळलं. रीतीप्रमाणे शोधाचा दिवस ठरला. संध्याकाळी व्हायोलिन बेतुलियाच्या दाराशी आलं. मेणबत्त्यांच्या रांगेपुढे रोसाल्बा उभी होती, हातात तोच रेशमी रुमाल. ती रागावलेली होती, पण रीत होती, म्हणून बोलता येत नव्हतं.

दार उघडंच होतं. बेतुलिया चुलीपाशी खुर्चीत बसली होती. मी तिच्या मांडीवर होतो, माझ्या स्वतःच्या तोंडाने, एक डोळा तिच्याकडे आणि एक दाराकडे. शेजारी टेबलावर माझा जुळा भाऊ निजला होता. जरीचं अंगडं, मुकुट आणि गुलाबी तोंड, सगळं त्याच्याकडे. मुखवट्याच्या काठाचे टाके म्हाताऱ्या हाताने घातलेले, मोठाले, कुणालाही दिसावेत असे.

दाराशी म्हणायच्या गाण्याची कडवी संपली. सगळे आत आले आणि एकदा टेबलाकडे, एकदा खुर्चीकडे बघू लागले. ज्याला त्याला कळलं.

"हे बाळ मी चोरलं, ते परत करते," बेतुलिया टेबलाकडे बोट दाखवून म्हणाली. माझ्यावरचा हात मात्र तिने काढला नाही. "हा माझा आहे."

यावेळी तिने ते मोठ्याने म्हटलं. व्हायोलिनवाला धनुकली खाली करून उभा होता.

रोसाल्बा जागची हलली नाही. तिने टेबलावरच्या बाळाकडे पाहिलं, टाक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 

"त्या दिवशी मी तुमच्या शेजारी मेणबत्ती धरून उभी होते," ती म्हणाली. "मला ऐकू आलं होतं."

मग तिने चष्मा काढला. घडी घालून खिशात ठेवला. टेबलापाशी जाऊन जुळ्या भावावर अगदी वाकली, हाताभरावरची कोंबडी न दिसणाऱ्या तिच्या वडिलांसारखी, आणि डोळे बारीक करून त्याचं तोंड न्याहाळलं.

"हेच आपलं बाळ," ती म्हणाली. "मला तरी काही फरक दिसत नाही."

तिने त्याला रुमालात ठेवलं. चौघांनी टोकं धरली. बाळ दाराबाहेर निघालं आणि वाटेवरच्या लोकांनी गुडघे टेकले. पहिल्या वेळी गावाने चुकून टेकले होते. यावेळी सगळ्यांना सगळं माहीत होतं.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. तुमच्या घरात कुणाच्या हातची एखादी जुनी वस्तू असेल तर तिला पाणी, उंदीर आणि कसर यांच्यापासून जपा, फाटली तर जुन्या टाक्याशेजारून नवा टाका घाला. पण काचेआड ठेवून लांबून हात जोडू नका. जिच्यासाठी ती केली, तिच्या हाताला ती लागू द्या. मळेना का. मळणं मला काचेपेक्षा फार बरं वाटलं.

आता मी पुन्हा मळायला लागलो आहे. काल माझ्या तोंडाला अरेपावरचं लोणी लागलं. झोपताना बेतुलिया अंगठ्याने माझं नाक दाबते. वाटाणा नवा आहे, अजून जरा घट्ट आहे, पण आता फिरायला लागला आहे.